मामीसकट बसवलेली क्लचप्लेट

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत क्लच या विषयावर माझ्या मामाइतका विचार आजवर कोणी केलेला नाही, आणि यापुढे कोणी करूही नये अशी माझी जाहीर मागणी आहे. खर्डीचा हा माणूस जेवताना, भात झोडताना, मयताला गेल्यावरसुद्धा डावा पाय हळूहळू उचलत मनातल्या मनात क्लच सोडत असतो. रस्त्यांसाठी आम्ही धरणे धरणार म्हणून मी त्याला पत्रक दिलं, तर ते उलटसुलट करून म्हणतो, "धरणं सोपं रे. सोडनार कसं, ता लिवलंच नाय!" अशाने चळवळ चालते?

मुरबाडजवळ एका बंद कारखान्याच्या लांबलचक काँक्रिटवर गाड्यांची शर्यत ठरली. हाताने गिअर टाकायचे, सरळ सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. मामाच्या जुन्या जीपला अख्खा गाव "म्हशाच्या जत्रेत गुरांच्या बाजारात नेऊन वीक" म्हणून चिडवायचा. मामाला एकदा, फक्त एकदा, जिंकून त्यांची तोंडं बंद करायची होती. प्रश्न एवढाच, की क्लचप्लेट कुठली? मऊ बसवली की इंजिन बोंबलायचं आणि जीप जागेवर विचार करत राहायची. कडक बसवली की बेडकासारखी उसळायची. मोजायला यंत्र नव्हतं, मामी होती. तिला मागच्या सीटवर चहाचा भरलेला कप देऊन बसवायचं आणि क्लच सोडायचा. चहा हललाच नाही तर प्लेट घसरतेय, पदरावर आला तर प्लेट कडक. "एक साडी धड ठेवली नाय ह्यांनी," मामी सांगायची, "आन् वर इचारतात, कुठवर उडाला गो?" बाईला मोजपट्टी समजणाऱ्या या व्यवस्थेविरुद्ध मी तिथेच भाषण ठोकलं. मामी म्हणाली, "तू गप रे, च्या निवतोय." शेवटी एक प्लेट सापडली: चहा कपाच्या काठाला टेकायचा, पण थेंब सांडत नसे. मामाने कपाला नमस्कार केला.

शर्यतीच्या दिवशी मामी कप घेऊन मागे बसली. संयोजक म्हणाला, "काकू, उतरा. गाडीत फक्त ड्रायव्हर." मामा पांढरा पडला. सगळं गणित मामीसकट बसवलेलं. आता मागच्या चाकांवरचं वजनच खाली उतरलं! "जोडीतला एक बैल सोडून गाडा पळवतात का रे?" तो ओरडला. मी नियमाच्या निषेधार्थ रेषेवरच धरणे धरलं. दोघांनी मला उचलून बाजूला ठेवलं. झेंडा पडला. मामाने जन्मभर घोकला होता तसा क्लच सोडला. चाकं गरागरा फिरली, धूर झाला, जीप तिथेच. पलीकडचा पोचून हेल्मेट काढत होता.

सगळे पांगल्यावर मामी पुन्हा मागे चढली. कपातला चहा गार झाला होता. मामाने पुढे बसून क्लच सोडला, आणि त्या रिकाम्या काँक्रिटवरून जीप काय सुटली! बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"कुठवर आला गो?"

"काठाला," मामी म्हणाली.

शर्यतीत दोघांना बसू द्या, असं पत्रक मी लिहायला घेतलंय. दुसऱ्या ओळीपुढे ते सरकत नाही. माझ्या मागे कोणी चहाचा कप धरून बसलेलं नाही ना.