दीडशे फुटांवरून सील

सील बघायला जायचं हे माझ्या मुलीने ठरवलं. कसं जायचं हे नवऱ्याने ठरवलं आणि खायला काय न्यायचं हे सासूबाईंनी. मला फक्त गाडी चालवायची होती. आमच्या अ‍ॅशबर्नहून पार उत्तरेकडच्या मेन राज्याचा किनारा म्हणजे दोन दिवसांचा रस्ता.

सासूबाई तेव्हा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत आल्या होत्या. त्यांचा होडीशी संबंध अंबाझरी तलावापुरता, तोही लग्नाआधीचा.

"सील म्हणजे काय गं? सिलिंडरला असतं ते?" त्यांनी मला विचारलं.

मी फोनवर फोटो दाखवला. मिशा, टपोरे डोळे, गोल पोट. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांसारखा दिसतो, जेवल्यानंतरचा."

मुलगी सोळा वर्षांची. शाळेच्या सुट्टीत समुद्री प्राण्यांचा कोर्स केल्यापासून ती आमच्याकडे घरातल्या इन्स्पेक्टरसारखी बघायची. बोट निवडायचं काम तिने हातात घेतलं. पहिल्या बोटवाल्याने फोनवर आनंदाने सांगितलं, "एवढ्या जवळ नेतो की हात लावाल!" तिने तिथल्या तिथे फोन ठेवला. दुसरी कॅप्टन सत्तरीची बाई होती. ती म्हणाली, "दिसतील असं मी सांगत नाही. दिसलेच तर दीडशे फुटांवरून. आणि त्यांनी माना वर केल्या तर मी मागे फिरते."

"ही काय कस्टमर सर्व्हिस झाली?" नवरा म्हणाला.

"धिस वन," मुलगी म्हणाली आणि बुकिंग झालं.

नवरा प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याने एक्सेल शीट उघडली. सील खडकावर येतात ते ओहोटीला, म्हणून ओहोटीची वेळ आधी काढली. ती निघाली सकाळी पावणेसातची. नाश्त्यानंतरची एखादी ओहोटी मिळते का, हे त्याने तीन दिवस शोधलं. शेवटी मीच म्हटलं, "अरे यार, समुद्राला मीटिंग रिशेड्यूल करायला सांगणार आहेस का?"

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा दुसरा डबा भरला.

"हा कोणासाठी, आई?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठी. रिकाम्या हाताने जायचं का कोणाच्या दारी?"

मुलगी धावत आली. "नो फीडिंग, आजी! माणसांनी दिलेलं खायची सवय लागली की ते बोटींच्या मागे येतात. इंजिनाच्या पंख्यात सापडतात." मग तिने आजीला पाटावर बसवावं तसं सोफ्यावर बसवलं आणि आपल्या मोडक्या मराठीत सगळं समजावलं. आपण फार जवळ गेलो तर सील घाबरून पाण्यात उड्या मारतात. त्या गडबडीत आई एकीकडे, पिल्लू दुसरीकडे. मग आईला ते सापडेलच असं नाही.

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मग लांबूनच बघू," एवढंच म्हणाल्या.

बोट लहान होती. आम्ही चौघं आणि आणखी पाच जण. धुकं विरळ होत होतं. बंदराबाहेर पडल्यावर दहा मिनिटांतच नवऱ्याला बोट लागली. तो मागच्या कठड्याला धरून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला तो तसाच.

मग कॅप्टनने इंजिन बंद केलं. समोर काळ्या खडकांवर वीस-पंचवीस सील पडले होते, वाळत घातलेल्या उशांसारखे. एका मोठ्या सीलच्या कुशीत पिल्लू लुचत होतं. सासूबाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतलीच नाही.

तेवढ्यात आमच्यातला एक धिप्पाड गृहस्थ सेल्फीसाठी बाकावर चढला. बोट डुगडुगली. खडकावरच्या दोन-तीन माना वर झाल्या. कॅप्टन काही बोलणार त्याच्या आत सासूबाईंनी त्या गृहस्थाच्या जॅकेटची कड धरली आणि खाली खेचली.

"बसा खाली! लेकुरवाळी आहे ती, दिसत नाही का?"

कुजबुजल्याच त्या, पण ती कुजबूज अशी की मराठीचा एक शब्द न येणारा तो माणूस मटकन बसला आणि "सॉरी, मॅम" म्हणाला. मुलीने माझा हात गच्च दाबला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. कॅप्टनने बोलल्याप्रमाणे बोट हळूच मागे घेतली. माना पुन्हा खाली गेल्या.

धक्क्यावर उतरल्यावर नवरा फिकट चेहऱ्याने म्हणाला, "एक सील माझ्या अगदी समोर आला होता. हाताच्या अंतरावर. मान वर काढून माझ्याकडे बघत होता."

मुलगी थांबली. "डॅड! दीडशे फूट!"

"मी कुठे गेलो? तो आला."

"तू आवाज केलास? बोलावलंस?"

"मी ज्या अवस्थेत होतो, त्यात कोणालाही बोलावणं शक्य नव्हतं."

फोटो नव्हता. मुलीचा विश्वास बसला नाही, माझाही अर्धाच बसला. सासूबाईंना मात्र त्यात नवल वाटलं नाही. लेकाच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आला असेल बिचारा. आजारी माणसाची चौकशी करायला येतातच."