रस्त्यावरूनच परत

“माह्या साइटवर तू येनार नाई म्हनजे नाई!” बंडूजीनं हातोडा पिशवीत टाकला.

“काऊन पन? बाकीच्या बाया येतेत ना कामाले?”

“त्या मजूर हायेत. तू इंजिनिअर हायेस.”

“कागदावर, बाबा.” रुचिकानं बापाचाच जुना शर्ट ड्रेसवर चढवला होता. पायात बूट घालून ती दारात उभी होती.

“शर्ट तर बरोबर बसला व माय तुले,” चुलीपाशी कांता हसली. बंडूजीनं बायकोकडं असं पाहिलं, की तिचं हसू चहाच्या गाळणीतच राहिलं.

बंडूजी हिंगणघाटचा सेंट्रिंग मिस्त्री. स्लॅबखाली आधाराला लाकडी बल्ल्या उभ्या करायच्या, वर लोखंडी प्लेटा अंथरायच्या, आणि सिमेंट पक्कं झालं की सगळं काढून न्यायचं. गावातली कितीतरी घरं त्यानं अशी तोलून धरली, पण कुठल्याच घरात त्याचं काही उरलं नाही. पोरीच्या अंगाला या कामाची धूळ लागू द्यायची नाही, हे त्यानं ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. शाळकरी रुचिका डबा घेऊन यायची, तेव्हा हा हात धुऊन खाली यायचा आणि तिला रस्त्यावरूनच परत पाठवायचा.

पुढं इंजिनिअरिंग कॉलेजातला तिचा अख्खा वर्ग पिवळ्या टोप्या घालून त्याचीच साइट पाहायला आला. वर बल्लीवर बंडूजी. त्यानं सर जाईपर्यंत भिंतीकडं तोंड करून ठेवलं. संध्याकाळी म्हणाला, “शहाणी हायेस. हाक नाई मारली.”

“काल नागपूरले मुलाखतीत काय झालं, आयकता का?” रुचिकाचा आवाज खाली आला. “साहेबानं इचारलं, साइटवर काम केलं का? म्हनलं, नाई. मंग म्हने, घरी कोनी बांधकामात हाये?”

“मंग?”

“त्यालेबी नाईच म्हनलं. तोंडातून निंगालं, बाबा. सवयच तशी लागली.”

बंडूजी पिशवीचा बंद बांधत होता. गाठ पडेना.

“बिना अनुभवाचं कोनी उभं नाई करून राह्यलं मले. तुमच्या हाताखाली थोडे महिने शिकू द्या ना.”

“लोकं काय म्हनतीन? बंडूजीची इंजिनिअर पोट्टी प्लेटा वाहून राह्यली?”

“म्हनू द्या. बापाचं काम शिकते म्हनतीन.” ती जवळ आली. पिशवीचा बंद तिनं त्याच्या हातातून घेतला, गाठ मारून दिली. “बाबा, एक सांगा. त्या दिवशी मी हाक मारली असती, तर तुमी वळून पाह्यलं असतं?”

कांतानं चहाचा कप पुढं केला. बंडूजीनं तो घेतला नाही. पिशवी सायकलला अडकवली, अंगणातून सायकल बाहेर काढली, आणि पोर लहानपणी मागं येऊ नये म्हणून लावायचा तशी फाटकाची कडी बाहेरून लावली.