नावाचा मान

तलवाड्याच्या पौर्णिमाचं बी.एड. होऊन बरीच वर्षं झाली, पण 'मॅडम' म्हणणारं एक पोरगं तिला मिळेना. पंचक्रोशी तिला ओळखायची ती लग्नातली माईकवाली म्हणून. आमच्याकडे लग्नात नवरानवरी उन्हात ताटकळली तरी चालतं. पण आलेल्या पुढाऱ्यांची नावं माईकवरून आधी घ्यायची, तीही मानाच्या क्रमानं. मी तिची शेजारीण. भिंतीपलीकडून सकाळ-संध्याकाळ तिच्या सरावातलं 'सन्माननीय' ऐकून माझे कान किटले होते.

अखेर जवळच्या एका खाजगी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. वय निघून चाललेलं. ही नोकरी हुकली की जन्मभर माईकच. 'तुमचं अध्यापनाचं तत्त्वज्ञान काय?' हा प्रश्न येणारच, म्हणून तिनं मुलाखतीच्या क्लासमधलं उत्तर घोकलं: मूल म्हणजे उमलतं फूल, शिक्षक म्हणजे माळी. तिच्याआधी आत गेलेले सगळे त्याच क्लासचे होते.

पौर्णिमा आत गेली तर समोर संस्थेचे अध्यक्ष मोहनराव! मागच्याच महिन्यात एका लग्नात तिनं त्यांचं नाव त्यांच्या विरोधकाच्या, आदिनाथरावांच्या नंतर घेतलं होतं.

त्यांच्या शेजारी बसलेल्या सरांनी तोच प्रश्न विचारला. ती "मूल म्हणजे उमलतं..." म्हणते न म्हणते, तोच मोहनरावांनी हात वर केला.

"फुलं बास झाली. एवढंच सांगा बाई, आदिनाथच्या मागून माझं नाव काहून घेतलं?"

नोकरी गेली, हे तिला कळून चुकलं. मग घोकलेलं तरी कशाला जपायचं?

"चुकलंच माझं, साहेब. तुमचा चेहरा उतरलेला मी बघितला. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला एवढं लागतं, तर मागच्या बाकावरच्या लेकराला किती लागत असंल? त्याचं नाव तर कुणी मानानं घेतच न्हाई. मी रोज घेईन. हेच माझं तत्त्वज्ञान."

मोहनरावांनी समोरचा पेपरवेट बाजूला सारला.

"त्या दिवशी मी जेवलो बी न्हवतो," ते म्हणाले.

नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी अध्यक्षसाहेब तपासणीला म्हणून वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पौर्णिमाची हजेरी चालली होती, शेवटच्या बाकापासून, थेट लग्नाच्या थाटात. "सन्माननीय लखन!" म्हटलं की पोरगं छाती काढून उभं राहायचं.

नावं संपली. मोहनराव काही दारातून हलेनात. पौर्णिमाच्या ध्यानात आलं.

"आणि दारात उभे असलेले, सन्माननीय मोहनराव!"

"हजर!" मोहनराव म्हणाले, आणि पोटभर जेवायला घरी गेले.