पहिली मागणी देवाची

लोकांच्या ऑफिसात किस्से चहाबरोबर निघतात. आमच्याकडं ते एररबरोबर निघतात, त्यामुळं तोटा नाही! काही सांगताना मला हसू येतं, आणि हसता हसता भीतीही आठवते. का, ते शेवटी कळेल.

मी मूळची साताऱ्याची, नोकरीसाठी सांगलीत. विश्रामबागेत आमचं छोटंसं ऑफिस. सर, मी आणि आष्ट्याचा आसिफ. इथल्याच एका रक्तपेढीचं काम आमच्याकडं होतं. आष्ट्याच्या दवाखान्यातून रक्ताची मागणी कॉम्प्युटरवर भरायची, ती आमच्या सर्व्हरवर यायची आणि रक्तपेढीच्या स्क्रीनवर दिसायची. म्हणजे तिकडं माहितीचं गाठोडं बांधायचं आणि इकडं सोडायचं. याला सिरियलायझेशन म्हणतात. बांधणारा आणि सोडणारा एकाच रीतीचे पाहिजेत, नाहीतर सर्व्हर गाठोड्याला हात लावत नाही. एवढंच काम हो! पण याच कामानं माझे केस पिकवले.

* * *

पहिल्याच दिवशी गाठोडं बांधलंच जाईना. एरर काय, तर म्हणे प्रिंटर पाठवता येत नाही!

सर उखडले. "अरे, रक्ताच्या मागणीबरोबर प्रिंटर कशाला पाठवतोयस?"

आसिफनं मागणी फॉर्मला जोडली होती, फॉर्म स्क्रीनवरच्या खिडकीला आणि खिडकी प्रिंटरला. त्यामुळं एक उचललं की सगळं लटांबर उठत होतं.

"एकत्र कुटुंब हाय सर," आसिफ म्हणाला, "एकाला आवतण दिलं की सगळी निघत्यात!"

* * *

मग त्यानं 'हे न्यायचं नाही' अशी खूण करायचा सपाटाच लावला. प्रिंटरला खूण, खिडकीला खूण. चाचणीची मागणी झोकात आली. नाव आलं, वय आलं, वॉर्ड आला. रक्तगट मात्र कोरा! घाईत त्यालाही खूण झाली होती.

सर स्क्रीनकडं बघत म्हणाले, "वऱ्हाड आलं, नवरी राहिली!"

आम्ही हसलो. आसिफ मात्र हसला नाही. त्याची धाकटी बहीण सलमा आष्ट्याच्या त्याच दवाखान्यात बाळंत होणार होती. अंगात रक्त कमी आणि गट ओ निगेटिव्ह, म्हणजे सहजासहजी न मिळणारा. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की ऐनवेळी रक्त लागेल आणि ते सांगलीहूनच येईल. म्हणजे आमच्या या दिव्य प्रोग्राममधून! त्या दिवसापासून मलाही धड जेवण जाईना.

* * *

आष्ट्याला कॉम्प्युटरवर सुशीलाताई असायच्या. कामाला वाघ, पण एरर आली की फोन.

"आवं, लाल अक्षरं आल्यात. लय मोठी!"

"काय लिहिलंय ताई? वाचून दाखवा ना."

"आता गं बया! लिवलंय तुमी, आनि वाचायचं आमी व्हय?"

मी गाडी काढली आणि आष्ट्याला गेले.

* * *

सलमाचे दिवस भरत आले तसा आसिफ सैरभैर झाला. सर्व्हरवर बारीकशी जरी एरर दिसली, की हा बहिणीला फोन लावायचा. "बरी हाईस न्हवं? काय दुखतंय का?" एकदा फोन स्पीकरवर होता. पलीकडून सलमा वैतागून म्हणाली,

"भाई, बाळ मला व्हायचंय, आनि कळा तुला येत्यात!"

सगळं ऑफिस हसलं. आसिफ लाजला. पण दुपारी त्यानं पुन्हा फोन केलाच.

* * *

आणि मग तो दसरा.

खंडेनवमीला सुट्टी, दवाखान्यात गर्दी कमी, म्हणून सरांनी त्याच दिवशी नवीन व्हर्जन चढवायला लावलं. सर्व्हर नवा झाला. आष्ट्याचं मशीन त्याच दिवशी आपोआप नवं होणार होतं. पण खंडेनवमीला आपल्याकडं यंत्राची पूजा! सुशीलाताईंनी कॉम्प्युटर बंद करून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून ठेवला होता. पूजेतल्या यंत्राला कोण हात लावतंय? ते जुनंच राहिलं, आणि आम्हाला पत्ता नाही.

दसऱ्याच्या सकाळी सर्व्हर किंचाळला. आष्ट्याहून मागणी आलीय, पण गाठोडं जुन्या रीतीचं, उघडणार नाही! कुणासाठी, कुठला गट, काही दिसेना.

आसिफनं सलमाला फोन लावला, बंद. तिच्या नवऱ्याचा कव्हरेज क्षेत्राबाहेर. दवाखान्याचा नुसता वाजत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तिचीच हाय ती. तिचीच हाय," एवढंच मला म्हणत राहिला.

"रडू नका, आधी ते उघडा!" सर ओरडले. जुन्या व्हर्जनचा नंबर शोधला, नव्या सर्व्हरला सांगितलं की बाबा, ही रीतही आपलीच समज. सरांनी माझ्यापुढचा कीबोर्डच ओढून घेतला. सर्व्हर पुन्हा चालू केला.

गाठोडं सुटलं.

रुग्णाचे नाव : श्री गजानन.
रक्तगट : सर्व.
कारण : मुहूर्त.

तेवढ्यात सुशीलाताईंचा फोन. "आवं, फोनबी यंत्रच न्हवं का? पूजेत हुता, आत्ता उचलला. दसऱ्याची पैली मागणी देवाच्या नावानं घातली, पोचली का?"

आसिफ संतापानं लालबुंद झाला. फोन हिसकावून तो तोंड उघडणार, तोच स्क्रीनवर दुसरी मागणी आली. जुन्याच रीतीची, पण देवाच्या मागणीनं वाट आधीच मोकळी झालेली, त्यामुळं पहिल्या झटक्यात उघडली.

सलमा. ओ निगेटिव्ह. तातडीची.

फोन टेबलावर टाकून आसिफ धावत सुटला. रक्तपेढीची गाडी आष्ट्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्यापुढं त्याची मोटरसायकल होती. मी तोवर देव्हारा नसलेल्या ऑफिसात हात जोडून बसले होते.

सलमा वाचली. मुलगी झाली, आता दुडूदुडू पळते.

परवा मी आसिफचा कोड तपासत होते. नवीन व्हर्जन चढलं की सर्वांत आधी आपोआप एक मागणी जाते. नाव : श्री गजानन. कारण : मुहूर्त.

"आसिफ," मी म्हटलं, "हे काढायचं राहिलं वाटतं."

त्यानं स्क्रीनवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"राहिलं न्हाई ताई. ठेवलंय."