डोळे कोरडे असल्याचा दाखला

डोळ्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. माणूस समोर बसतो, हनुवटी मशीनवर टेकवतो आणि "बोलू नका" म्हटलं की नेमकं तेव्हाच त्याला सगळं आठवतं! अंबरनाथच्या आमच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढते. त्यात आमच्या डॉक्टर मॅडमनी कोरड्या डोळ्यांवर अभ्यास सुरू केला, आणि मग तर विचारूच नका.

अभ्यास एपिजेनेटिक्सचा, म्हणजे असा, की आईबापांकडून आलेली जनुकं तीच राहतात, पण धूर, धूळ, मोबाईल यांनी त्यांचं चालू-बंद होणं बदलतं का, आणि डोळे कोरडे पडण्यात त्याचा हात आहे का. मॅडम जनुकांना इंग्रजीत 'जीन्स' म्हणायच्या. दुसरीकडे खपलं असतं. पण समोर बसले होते उल्हासनगरचे शेठ, जीन्स पँटच्या कारखान्याचे मालक!

"शेठ, तुमच्या जीन्समध्ये काय फरक पडलाय ते बघायचंय."

शेठ सावध झाले. "मॅडम, माल एक नंबर आहे. कपडा वोही, फक्त वॉश अलग मारला की रंग बदलतो. कंप्लेंट किसने की?"

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, एपिजेनेटिक्स इतकं सोपं करून मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही!" तेव्हापासून आम्ही सगळ्या पेशंटना 'कपडा तोच, वॉश वेगळा' असंच समजावतो.

मांजर्लीचे एक काका डोळे पुसत आले. मॅडम म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत." काका भडकलेच. "इथे पाणी थांबत नाही आणि कोरडे कसले?" मॅडमनी सांगितलं, डोळा कोरडा पडला की चुरचुरतो, आणि मग भलतंच पाणी सोडतो. काकांना पटेना. काकूंना लगेच पटलं. "अहो, पुरात नाही का, घरात कमरेएवढं पाणी आणि नळ कोरडा!"

मोरिवलीच्या आजोबांना विचारलं, "डोळे कधी जळतात?"

"सोमवार ते शनिवार. रविवारी शेजारची केमिकल कंपनी बंद, डोळ्यांनाही सुट्टी."

त्यांच्या मागेच एका कंपनीचे साहेब बसले होते, डोळे लालभडक. रुमालानं टिपत म्हणाले, "आमच्या चिमणीतून तर नुसती वाफ निघते हो. हे एसीमुळे होतं." आजोबांनी त्यांना रांगेतला आपला नंबर दिला. "आधी तुम्ही जा, साहेब. तुमचं जास्त दिसतंय."

आणि मग हेंद्रेपाड्याच्या सुरेखाताई. त्यांना औषध नको होतं, दाखला हवा होता!

सासूबाई गेल्या तेव्हा सुरेखाताईंच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. अंथरुणावरच्या सासूचं सगळं त्यांनीच केलेलं. मोठ्या जाऊबाई ठाण्याहून शेवटच्या दिवशी आल्या आणि अशा रडल्या, की चार बायकांनी धरून ठेवलं. तेव्हापासून नवरा सुरेखाताईंशी बोलत नव्हता. मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

"आजारामुळे रडू आलं नाही, एवढं लिहून द्या," त्या म्हणाल्या. "घरात मान वर करता येत नाही हो."

खात्री करायला नवरा आला होता, जाऊबाईही आल्या होत्या. मॅडमना अभ्यासासाठी निरोगी डोळेही हवे होतेच. "माझे घ्या की," म्हणत जाऊबाई ऐटीत खुर्चीवर बसल्या.

तपासणी सोपी असते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवायची, पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि पट्टी किती भिजली ते मोजायचं. दोघी शेजारी शेजारी डोळे मिटून बसल्या. नवरा समोर उभा.

सुरेखाताईंची पट्टी दुसऱ्या मिनिटालाच चिंब झाली. गालावरून ओघळ पदरापर्यंत आला. जाऊबाईंची पट्टी पाच मिनिटांनीही जशी पाकिटातून काढली तशीच.

मॅडमनी पेन उघडलं. "दाखला देते. नाव कोणाचं घालू?"

"तुमचा एसी फार आहे," जाऊबाई म्हणाल्या.

नवरा दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सुरेखा, चल, घरी जाऊ."