गुप्ते जिथे गेला नव्हता

कुळगावच्या खाली, जिथे गावातल्या म्हशी धुतात त्या उतारावरून, दसरा झाल्यावर एका सकाळी मी माझी होडी उल्हास नदीत लोटली. निरोप द्यायला माझी बायको मालती आली होती, आणि दत्ता गुप्ते आला होता. मालतीने दही-साखर हातावर ठेवली. गुप्तेने सल्ला दिला.

"प्रधान, मोहन्याच्या अलीकडे खडकांचा उतार लागतो. तिथे डावीकडून जा. उजवीकडे शेवाळ आहे, मी तिथेच आपटलो होतो."

मी मान हलवली आणि उजवीकडून जायचं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

गुप्ते आणि मी अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढायचं काम करतो. आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. कुळगावहून नदीने खाडीत, खाडीतून समुद्रात आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला डहाणूपर्यंत एकट्याने वल्हवत जायचं, रात्री वाळूत तंबू ठोकून झोपायचं, ही कल्पना माझी. जेवणाच्या सुट्टीत मी ती गुप्तेला सांगितली. मी नकाशा आखत बसलो आणि तो जाऊन आला. परत आला तेव्हा उन्हाने काळा झाला होता आणि कुळगावात जो तो त्याला घरी चहाला बोलावत होता. आमच्या घरीही तो आला. मालती दाराला टेकून ऐकत होती. लग्नाला सात वर्षं झाली, माझं बोलणं ऐकताना ती अशी कधी उभी राहिली नव्हती. यंदा माझी शिदोरी बांधतानासुद्धा ती म्हणाली, "मीठ वेगळ्या डबीत देते हं. गुप्त्यांचं पीठ आणि मीठ एक झालं होतं."

होडी मी उल्हासनगरहून घेतली होती. लष्कर तिथला कॅम्प सोडून गेलं, त्यांच्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले, आणि मागे राहिलेल्या भंगारातून काय काय निघेल याचा नेम नव्हता. लाकडी फासळ्यांवर ताडपत्री ताणलेली ही अरुंद होडी तिथल्या लछमनदास सुताराने दुरुस्त करून दिली. तिला साहेब लोक कयाक म्हणतात. एकच माणूस पाय लांब करून बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आलटून पालटून मारतो. सुटी केली की दोन पोत्यांत मावते. लछमनदास सिंधू नदीच्या काठचा. ताडपत्रीवरून हात फिरवत तो म्हणाला, "साईं, पाणी आत येणार नाही, ये मेरा वादा. गुप्तेसाबको भी मैंनेच बनाके दी. क्या आदमी है! इथे बसून माझ्या माँच्या हातची कोकी (कांदा घातलेली जाड पोळी) खाल्ली त्यांनी."

मला कोकी कुणी विचारली नाही.

मोहन्याजवळ मी उजवीकडून गेलो आणि शेवाळावरून घसरून गुडघा फोडून घेतला. कुणी पाहिलं नाही एवढंच समाधान. कल्याणनंतर नदीची खाडी होते. पाणी गढूळ, खारट आणि भरती-ओहोटीच्या तालावर चालणारं. ओहोटी असली की मी सुसाट जात होतो, भरती आली की काठाला लागून खारफुटीच्या मुळाला होडी बांधून गूळ-शेंगदाणे खात बसत होतो. रेतीच्या गलबतांवरचे खलाशी मला बघून हसायचे. एकाने ओरडून विचारलं, "काय हो, परत आलात?" त्याला मी गुप्ते वाटलो होतो. मी वल्हं जोरात मारलं.

वसईला खाडी संपते आणि समुद्र सुरू होतो. किल्ल्याच्या तटाखाली वाळूत मी समुद्रकाठचा पहिला तंबू ठोकला. समोर सूर्य बुडत होता, बगळ्यांची रांग अगदी पाण्याला चिकटून घरी चालली होती. इतका मोठा, मोकळा समुद्र मी होडीच्या उंचीवरून कधी पाहिला नव्हता. क्षणभर सगळं विसरायला झालं. मग केळीच्या वाडीतली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली. तिने सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) विकत दिली आणि होडीकडे बघून म्हणाली, "गेल्या साली आलेले ते तुमचे भाऊ काय? किती गोड बोलायचे!"

असंच पुढे चाललं. अर्नाळ्याला एका म्हातारीने गुप्त्याची खुशाली विचारली. केळव्याला सुरूच्या बनात ताडीवाला भेटला. त्याने गुप्ते कुठे झोपला होता ती जागा मला कौतुकाने दाखवली. जागा चांगली होती, वाऱ्याचा आडोसा होता. मी मुद्दाम दुसरीकडे तंबू ठोकला आणि सबंध रात्र वाळू खाल्ली. मला वाटायचं, हा किनारा मी पाहतोच कुठे आहे? मी गुप्तेने उष्टावलेलं ताट पुढे ओढून जेवतो आहे.

सातपाटीला पोचलो तेव्हा आभाळ बदललं होतं. ऊन होतं, पण पिवळं, आजारी माणसाच्या नखांसारखं. समुद्र तेलासारखा जड हलत होता. वाळूत होड्या ओढलेल्या होत्या आणि एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता. त्याला सगळे धर्मातात्या म्हणत होते.

"आज नको जाव पुढं," तो म्हणाला. "वारा फिरनार हाय. आमच्या तीन होड्या रातच्यानं भाईर हायेत, त्यांचाच घोर लागलाय. ऱ्हा दोन रोज हितं. गुप्तेभाऊ बी ऱ्हायला होता. असंच आभाळ आलं, तर म्हनला, तात्या, तू सांगशील तवाच जाईन."

तात्या एवढंच म्हणाला असता की वारा फिरणार आहे, तर मी थांबलो असतो. पण गुप्ते थांबला होता. म्हणून मी निघालो.

दुपारपर्यंत काही झालं नाही. किनारा उजव्या हाताला लांबवर होता, ताडांची रांग तेवढी दिसत होती. मनात मी तारापूर गाठलं होतं, डहाणू गाठलं होतं, गुप्त्याच्याही पुढे उंबरगावला जाऊन परत ऑफिसात गुप्तेच्या टेबलापाशी उभा राहिलो होतो. एवढ्यात पश्चिमेकडून वारा आला. तो हळूहळू वाढला वगैरे काही नाही. कुणीतरी दार ढकलून आत यावं तसा आला. पाण्याचा रंग शिशासारखा झाला, लाटांची डोकी फुटायला लागली आणि मागोमाग पाऊस इतका दाट की माझ्या होडीची नाळ (पुढचं टोक) मलाच दिसेना.

मी तोंड लाटांकडे ठेवायचा प्रयत्न केला. एक लाट चढलो, दुसरी चढलो, तिसरीने होडी आडवी धरली आणि उलथून टाकली. पाण्याखाली सगळं एकदम शांत झालं. पाय आत अडकले होते. ते कसे निघाले मला सांगता येणार नाही. वर आलो तेव्हा वल्हं गेलं होतं, शिदोरीचा डबा गेला होता, होडी पालथी होऊन तरंगत होती. तिच्या पाठीवर मी हात टाकले. ओरडलोही असेन. आठवतं ते एवढंच की मालतीचं नाव तोंडात आलं आणि त्याबरोबर खारं पाणीही आलं.

किती वेळ गेला कोण जाणे. पायाला वाळू लागली, सुटली, परत लागली. कुणीतरी होडी धरून ओढत होतं. कमरेइतक्या पाण्यात एक बाई उभी होती, लुगडं घट्ट खोवलेलं, केस तोंडावर चिकटलेले. तिने होडी सुलटी केली, आत पाहिलं, मग माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. तिच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती मी जन्मात विसरणार नाही.

"ह्यो आमचा नाय," ती मागे वळून ओरडली. "दुसराच कोन हाय."

दोन खाड्यांच्या मधे वाळूची एक जीभ समुद्रात गेली आहे. तिच्यावर कोळ्यांची एक लहानशी वाडी होती. त्या बाईचं नाव हिरू. तिचा नवरा पांडू सकाळीच होडी घेऊन गेला होता, अजून परतला नव्हता. लांबून माझी होडी पाहून तिला ती नवऱ्याच्या होडीची फळी वाटली होती.

तिच्या सासऱ्याने मला झोपडीत नेलं, कोरडं धोतर दिलं, चुलीजवळ बसवलं. हिरूने बोंबलाचं कढत कालवण आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली. दात वाजत होते, तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच: "इथे माझ्यासारखा कुणी आला होता का? अशीच होडी घेऊन?"

म्हाताऱ्याने मला खालून वर पाहिलं. "नाय बा. येवढा येडा अजून कोन नाय आला."

"गुप्ते म्हणून कुणी?"

"गुप्ते कोन?"

अंगात ताप भरत होता, गुडघा सुजला होता, होडीच्या फासळ्या मोडल्या होत्या. तरी त्या दोन शब्दांनी मला असं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याला वाटलं, कालवण तिखट लागलं.

पण ते सुख फार वेळ बाळगता आलं नाही. बाहेर वाडीतल्या बायका ताडाच्या झावळ्या पेटवायला धडपडत होत्या. खाडीचं तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना खडक. अंधार पडायच्या आत आगटी पेटली नाही, तर पांडूला घर कुठे आहे तेच कळणार नाही. पाऊस ती पेटू देत नव्हता. माझ्या तंबूचं मेणकापड होडीत बांधलेलं होतं म्हणून वाचलं होतं. मी ते सोडून नेलं. चार टोकं चौघांनी धरली, त्यातलं एक मी, आणि खाली झावळ्या पेटल्या. वारा कापड हिसकावून नेत होता. हात भरून आले की हिरू म्हणायची, "सोडू नगंस हां, भावा." ती माझ्याकडे बघत नव्हती. ती समुद्राकडे बघत होती. तरीही त्या वाडीत ज्याला पहिल्यांदा भाऊ म्हटलं गेलं तो मीच होतो.

पहाटे पाऊस ओसरला. उजाडता उजाडता खडकांच्या मधून एक होडी आली. शीड फाटलेलं, माणसं बसल्या जागी कलंडलेली. आम्ही सगळे पाण्यात धावलो आणि ती ओढून घेतली. हिरू मात्र जागची हलली नाही. पांडू धडपडत तिच्यापर्यंत आला तेव्हा ती तोंड सोडून त्याच्यावर तुटून पडली. "आता येतंस व्हय? मुडद्या! भाकर कवाची थंड झाली! म्हाताऱ्याला रातभर पान्यात हुबा केलास!" एक एक शिवी देत ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होती आणि तो तसाच उभा राहून हसत होता.

गुप्त्याचा हेवा मी दीड वर्ष केला. पण त्या सकाळी ओल्याचिंब, उपाशी, फाटक्या पांडूचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा गुप्त्याचाही कधी वाटला नव्हता.

तिथे मी चार-पाच दिवस राहिलो. पांडूने बांबूच्या कामट्यांनी फासळ्या बांधल्या, ताडपत्रीला डांबर फासलं, एक जुनं वल्हं तासून दिलं. आम्ही खाडीत खेकडे धरले. डहाणू तिथून फार लांब नव्हतं. समुद्र पुन्हा निळा झाला होता. पांडू म्हणाला, "जा की, दुपारला पोचशील." मी उत्तरेकडे बराच वेळ पाहिलं आणि होडीचं तोंड दक्षिणेला वळवलं. मला घरी जाऊन शिव्या खायच्या होत्या. निघताना हिरूने सुक्या बोंबलांची जुडी दिली. "घरवालीला सांग, हिरूनं धाडलंय."

सातपाटीच्या किनाऱ्याला लागलो तर वाळूत घोळका जमलेला. मधे धर्मातात्या, आणि त्याच्या शेजारी ऑफिसचे कपडे घातलेला, दाढी वाढलेला, बूट हातात धरलेला एक माणूस. मला पाहून तो बूट टाकून पाण्यात धावला.

"प्रधान! अरे, कुठे होतास? पेपरात वादळाचं वाचलं आणि मी निघालोच. वसईपासून गावोगाव विचारत आलोय. वहिनी जेवत नाहीत, अरे!"

गुप्तेने मला मिठी मारली. सगळी सातपाटी त्याच्याभोवती गोळा झाली होती, बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि मला वाटलं, बघा, मी बुडालो तरी कौतुक याचंच! पण त्याची पकड सैल होईना, आणि मग मीही त्याला धरलं.

होडी पोत्यांत भरून आम्ही गाडीने दादरमार्गे परत आलो. वाटेत त्याने वादळाचं सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं, तात्याचं न ऐकल्याचंही. त्याने एकदाही 'मी सांगत होतो' म्हटलं नाही. मला ते जास्त लागलं.

"पण ती वाडी कुठली?" त्याने विचारलं. "नाव काय?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

घरी मालतीने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेली. मी मोरीत पाय धूत होतो तेव्हा आतून भांडी आदळल्याचा आवाज आला. मग ती बोलायला लागली. शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मध्ये मध्ये रडत, तिने मला जे जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पाय धूतच राहिलो. ते पुरते धुऊन झाले होते.

आता गुप्ते पुढच्या वर्षाचा बेत करतो आहे. टेबलावर नकाशा पसरून तो दोन खाड्यांच्या मधल्या वाळूच्या जिभांवर पेन्सिल टेकवत जातो आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतो. मी चेहरा हलू देत नाही. माणूस सोन्यासारखा आहे. माझ्यासाठी तो वसईपासून अनवाणी चालत आला. मी त्याला माझं घर देईन, होडी देईन.

पण ती वाडी देणार नाही. आणि वाचकहो, तुम्ही रागावू नका, तुम्हालाही नाही. किनारा लांब आहे, ताड सगळीकडे सारखेच दिसतात. आपापलं वादळ घेऊन निघा.