नलूआत्याचा फोल्डर

सकाळी ऑफिसात मेल उघडली की पडद्यावर एक छोटं चक्र फिरू लागतं. पूर्वी माझा चहा निम्मा व्हायचा तरी ते फिरतच असायचं. सर्व्हर सांभाळणारी सुजाता मध्यंतरी म्हणाली, "ताई, मेल साठल्यात म्हणून नाही हे, तुमचे फोल्डर फार झालेत. सर्व्हर प्रत्येक फोल्डरपाशी जाऊन बघतो, नवीन काही आलंय का. त्यात बाकीच्यांचंही काम रखडतं."

मी माणसागणिक फोल्डर करत आले आहे. त्याच दुपारी आवरायला बसले आणि जुने सगळे एका मोठ्या फोल्डरमध्ये रिकामे करत गेले. नलूआत्याच्या फोल्डरपाशी मात्र हात थांबला. म्हातारपणी मेल करायला शिकलेली आत्या अख्खं पत्र विषयाच्या ओळीतच लिहायची आणि खालची जागा कोरी सोडायची. "लोणचं मुरलंय, न्यायला ये, घाई नाही."

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिचं काही यायचं नाही, हे मला ठाऊक आहे; सर्व्हरला ते कुणी सांगितलेलं नाही. आपण माणसं विचारणं किती लवकर सोडून देतो.

तो एक फोल्डर मी ठेवला. हल्ली चक्र लवकर थांबतं. पण तेवढ्या वेळात कुणीतरी माझ्या वतीने आत्याच्या दाराशी जाऊन विचारून येतं, याचे मला फार उपकार वाटतात. तोवर मी चहा पीत थांबते. घाई नाही.